कशाला? तर किल्ल्यांना अडकवायला!

...आणि वर मलाच म्हणतो, 'मार्लिस, तू जरा जास्तच करतेस हं!' मी? मी जास्त करते? अहो, ज्या घरात सकाळी कॉर्नफ्लेक्स थेट आतल्या पिशवीतून खावे लागतात, कारण बाहेरच्या खोक्याचा पुठ्ठा नवऱ्याने कापून नेलेला असतो, त्या घरातल्या बाईने याहून कमी करायचं म्हणजे काय करायचं? तुम्हाला सांगते, आमच्या ओरेगनात कुणाचे नवरे दारूच्या नादी लागतात, कुणाचे सामन माशांच्या, मासे निदान खाता तरी येतात... माझा वेंडेल कशाच्या नादी लागला? तर पकडीच्या. पक्कड हो, तारा पिळायची! बरं, ती तरी धड असावी? करंगळीएवढी! तिच्या दांड्या तिच्याच पोटात घडी होऊन जायच्या, एका दांडीत पातं, दुसरीत कानस, मध्ये स्क्रूड्रायव्हर, बुडाला बाटलीचा ओपनर, आणि उरलेल्या फटीत चिमटा. एवढी सगळी आटाआटी कशाला? तर किल्ल्यांना अडकवायला!

थांबा, पुढचं सांगण्याआधी तुमच्या किल्ल्या बाहेर काढा बघू. काढा काढा, लाजता काय! मला ना हल्ली सवयच लागलीय, माणूस भेटला की मी आधी त्याच्या किल्ल्या बघते, तोंड मागाहून. हं... तुमच्याकडे ओपनर. बँकेने फुकट दिलेला ना? वाटलंच. आणि तुमच्याकडे? छोटा लाल चाकू. त्यातली दातकोरणी कुठाय? हरवली! सगळ्यांचीच हरवते. मला एवढंच कुतूहल आहे हो, जगातल्या एवढ्या सगळ्या दातकोरण्या जातात तरी कुठे? कुणालाच कधी सापडलेल्या कशा नाहीत? आणि तुमच्या? नुसत्याच किल्ल्या? अरेरे. बरं, असू दे.

तर माझा नवरा चाकूच्या कारखान्यातला. धार लावणारा. त्याचा बाप तिथेच धार लावायचा. आता छोटे चाकू काही आम्ही शोधले नाहीत, माझे आजोबासुद्धा घड्याळाच्या साखळीला बोटभर चाकू लावून हिंडायचे. पण पुढे ती मोठी पक्कड आली ना, घडीची, चामड्याच्या पिशवीत घालून पट्ट्याला लटकवायची, तिच्यापायी आमच्याकडचे पुरुष पार कामातून गेले. जेवायला पट्ट्याला, चर्चमध्ये पट्ट्याला, पोराच्या बारशाला पट्ट्याला! कुठे बिजागरी करकरली रे करकरली, की जमलेल्या सगळ्या बाप्यांचे हात कमरेला. बायको आजारी पडली तर सुचत नाही, बिजागरी आजारी पडली की डॉक्टरांची रांग!

तर आमचे फेरिस काका वारले. दफनाच्या दिवशी मी वेंडेलला म्हटलं, 'हे बघ, आज ती पिशवी काढून ठेव. कोट वर होतो, बरं दिसत नाही. एक दिवस तरी देवाच्या दारी नुसता माणूस म्हणून ये.' ऐकलं बिचाऱ्याने. आणि तुम्हाला सांगते, शवपेटी उचलायला सहा जण पुढे झाले, उचलली, आणि एका बाजूच्या कडीचा स्क्रू ढिला! कडी निघतेय, पेटी कलतेय, काका आतल्या आत घसरतायत, ठक्क असा आवाज आला हो... सहाच्या सहा जणांनी मोकळा हात कमरेला नेला. आणि काय? सहाही कमरा रिकाम्या! सहा जणांच्या सहा बायकांनी घरी तेच सांगितलेलं! काकांची ती अवस्था, आणि हे सहा जण एकमेकांकडे असे बघतायत, कपडे चोरीला गेल्यासारखे. शेवटी वेंडेलने खिशात हात घातला. खिशात किल्ल्या आणि दहा सेंटचं एक नाणं. त्या नाण्याने स्क्रू पिळला, काका सरळ झाले, काम भागलं.

भागलं असं मला वाटलं! चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले, आणि हा हॅमचा तुकडा काट्यावर धरून भिंतीकडे बघतोय. मला वाटलं, काकांची आठवण. मी पाठीवरून हात फिरवला. तर सुताराचं मन बाभुळझाडी! मला हळूच म्हणतो, 'मार्लिस, बायको पट्ट्याची पिशवी काढायला लावते.'

म्हटलं, 'हो. मग?'

'किल्ल्या काढायला लावत नाही.'

झालं! त्या दिवसापासून घरात पुठ्ठा टिकेनासा झाला. कारण काय, तर पोलाद कापण्याआधी पुठ्ठ्यावर कापून बघायचं. कॉर्नफ्लेक्सचा पुठ्ठा म्हणे जाडीला अगदी बरोबर. त्याची पाती कापायची, त्याच्या दांड्या, मग टाचणीने एकत्र खोचायचं आणि उघड-मीट करून बघायचं, कोण कुणाला अडतंय. कानस बंद केली की ओपनर बाहेर डोकावतो, ओपनर दाबला की चिमटा उडून सूपच्या वाडग्यात! मी ओरडायचे, 'अरे, ही जेवायची जागा आहे!' तर तो म्हणायचा, 'आणखी एकच बसवायचंय.' आणखी एकच! माझ्या सासूने बारा माणसांच्या टेबलावर इतकी दाटी कधी केली नाही, जितकी ह्याने बोटभर जागेत केली. कशाला? तर किल्ल्यांना अडकवायला!

पण खरं सांगू का? खोटं कशाला बोलू... एकदा बटाटे सोलता सोलता मी सहज त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, 'ही एवढीशी करायला एवढं अवघड काय आहे रे? मोठी आहे तीच छोटी करायची.' तर त्याने माझा हात घेतला, त्यात त्याच्याकडची एक जुनी छोटी पक्कड दिली, म्हणाला, 'दाब.' मी दाबली. आई गं! तळव्याचं कातडं दांड्यांच्या मध्ये! 'बघ,' म्हणतो, 'पक्कड लहान होते, माणसाचा हात लहान होत नाही. तिथेच सगळी मेख आहे.' आणि स्प्रिंग? मोठ्या पकडीला स्प्रिंग नसली तरी चालतं, छोटीला दोनच बोटं लागतात, ती तिला उघडणार कशी? मग ती स्प्रिंग बसवायची कुठे? इथे बसवली तर चिमटा बेघर... तुम्हाला सांगते, मी बटाटे विसरले! बटाटे काळे पडले आणि मी तिथे पुठ्ठा फिरवत बसलेली. तेव्हापासून मीही त्यातलीच झाले. फक्त माझं म्हणणं एकच होतं, 'वेंडेल, पक्कड नको. कात्री घाल.'

इथे भांडण! कारण दोन्ही बसत नाहीत. पक्कड तरी किंवा कात्री तरी. कारखान्याचा मालक एल्डन, त्याच्या आजोबांनी काढलेला कारखाना, तो तर टेबलावर मूठ आपटून म्हणाला, 'मार्लिस, पुरुष माणूस कात्री विकत घेत नाही!' म्हटलं, ठीक, आपण विचारून बघू. चर्चच्या पुढच्या जेवणाला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा असतो ना, त्या रांगेत मी प्रत्येक पुरुषाच्या ताटात ट्यूना मासा वाढता वाढता विचारलं, 'किल्लीला काय हवं? पक्कड की कात्री?' एकजात सगळे, 'पक्कड!' छाती फुगवून. म्हटलं, 'शेवटची पक्कड कशाला वापरलीस रे?' 'अं... लागते की... कधीतरी... समजा उद्या कुठे अडकलो...' आणि दहा मिनिटांत काय? पाद्रीबोवांच्या बाहीचा धागा सुटला, 'ओपल, कात्री आहे का गं?' एकाच्या नखाचा कोपरा निघाला, 'ओपल, जरा कात्री...' एकाला औषधाची पुडी फाडायचीय, 'ओपल!' ही ओपल म्हणजे आमची शेजारीण, तिच्या पर्समध्ये सगळं असतं. ती मला म्हणते, 'मार्लिस, एल्डनचं बरोबर आहे. ह्यांना कात्री विकत नको असते. उसनी हवी असते.'

तर हरले मी. पक्कड राहिली. आणि वेंडेलने पुठ्ठा सोडून खरी, पोलादाची केली. एकच नग, हाताने, कारखाना सुटल्यावर मागे थांबून. त्यातलं पातं तर काय सांगू... माझ्या नखाएवढं, पण कागदावर ठेवलं की कागद आपणहून दोन व्हायचा. एल्डनने बघितली, फिरवली, आणि परत द्यायला जरा वेळ लावला. मग म्हणाला, 'लास वेगासला जत्रा आहे, देशभरचे दुकानदार येतात. ती रोंडा येते, हार्डवेअरच्या दुकानांच्या साखळीची खरेदी बघणारी. तिने घेतली तर मशिनं लावतो. नाही घेतली तर वेंडेल, हा खेळ बंद. तू तुझा धारेच्या चाकावर परत.' कळलं ना काय पणाला लागलं होतं? जन्मभर दुसऱ्यांच्या चाकूंना धार लावणाऱ्या माणसाचं एक स्वतःचं काहीतरी. मला म्हणायला सोपं होतं नसती उठाठेव म्हणून, पण रात्री देवापुढे मी त्या पकडीचंच नाव घेत होते, हेही खरं.

दोघं निघालो. वेंडेल वाटेत पाठ करतोय, रोंडाला काय सांगायचं ते. 'मॅडम, ही इतकी छोटी आहे, इतकी हलकी आहे, की खिशात आहे हेच माणूस विसरून जातो.' परत. 'हेच माणूस विसरून जातो.' परत! आणि विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभे राहिलो... तेव्हा नवे नियम नुकतेच लागलेले, सुईसुद्धा नेऊ देत नव्हते... ह्याने बूट काढले, पट्टा काढला, किल्ल्या ट्रेमध्ये टाकल्या. विसरला हो! स्वतःच विसरला! मीही विसरले! त्याने केलेली वस्तू इतकी अचूक निघाली की करणाऱ्यालाच गुंगारा दिला तिने!

तिथल्या बाईने ट्रे थांबवला. 'हे कुणाचं?'

वेंडेल पांढराफटक. 'माझं. ते... ते हत्यार नाही, अवजार आहे.'

'उघडते हं,' म्हणाली. उघडली. आणि तिचा चेहराच बदलला. 'अगं बाई! यात पक्कड आहे? डेल, ए डेल, इकडे ये, हे बघ!' डेल आला. 'काय सुरेख आहे हो! ही स्प्रिंग कुठून येते?' आता ह्याला कुणी स्प्रिंग विचारली की हा सगळं विसरतो. लागला सांगायला! आणखी दोघं जमले. एकाने नख घासून बघितलं. एकाने डेलच्या चष्म्याचा ढिला स्क्रू आवळून दिला. डेल चष्मा घालून बघतो, 'वा! दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ बसला!' मागे रांग खोळंबलीय, लोक शिव्या देतायत, आणि हे चौघं आमची पक्कड हातोहात फिरवतायत. मला वाटलं, सुटलो! एवढं कौतुक केल्यावर कुणी काढून घेतं होय?

बाईने ती मिटली. पुसली. 'फारच छान आहे,' म्हणाली, आणि टाकली मागच्या बादलीत. खण्णकन! 'पातं आहे ना आत. सॉरी हं.' हवं तर परत जाऊन गाडीत ठेवा म्हणे. गाडीत! विमान सुटायला आलेलं! वेंडेल तिथे अनवाणी उभा, एका हातात पट्टा, एका हातात नुसत्या किल्ल्या. मीच त्याला हाताला धरून बुटांपर्यंत नेलं. विमानात बसलो. शेंगदाण्याची पुडी दिली तर ती उघडायला सवयीने खिशात हात घातला... आणि तसाच बसला. 

रोंडासमोर गेलो तर हा गप्प. ती घड्याळ बघतेय. 'दाखवा ना, काय आणलंय?' शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, 'बाई, आणलं होतं. तुमच्याआधी विमानतळावरच्या चौघांना इतकं आवडलं की त्यांनी ठेवूनच घेतलं.' आणि सगळं सांगितलं, स्प्रिंग, नख, डेलचा चष्मा, बादली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने पर्समधून आपल्या किल्ल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. त्यात एक कडी रिकामी. 'माझा छोटा चाकू,' म्हणाली, 'वडिलांचा होता. गेल्याच महिन्यात त्याच बादलीत गेला. आमच्या दुकानात रोज कुणीतरी येऊन तेच रडगाणं गातं.' मग वेंडेलकडे बघून म्हणते, 'ज्याला ती माणसं हात लावणार नाहीत असं करून द्या. पातं काढा. मी घेते. आमच्या सगळ्या दुकानांना घेते.'

पातं काढा! कुणाला सांगतेय बाई? धार लावणाऱ्याला! एल्डनला फोनवर सांगितलं तर तो किंचाळलाच. 'चाकूच्या कारखान्यातून बिनचाकूचं? माझ्या आजोबांची तसबीर आहे रे ऑफिसात, मी तिच्याकडे बघू कसा?' शेवटी दोन दिवस तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि हो म्हणाला. आणि वेंडेल... घरी आल्यावर त्याने नवी पक्कड जुळवली, जिथे पातं होतं तिथे दुसरा स्क्रूड्रायव्हर घातला. करून ठेवलेलं दुसरं पातं तळहातावर घेऊन बसला. म्हटलं, 'काय रे?' तर म्हणाला, 'काही नाही. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं पातं आहे हे, आणि तेच नको आहे लोकांना.'  ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण खपली! अशी खपली म्हणून सांगू! पेट्रोलपंपावर च्युइंगमच्या शेजारी, औषधाच्या दुकानात, नाताळात पोरांच्या भेटीच्या मोज्यांत घालायला. मग काय, सगळ्यांनाच सुचायला लागलं. एकाने शिट्टी घातली, एकाने मोजपट्टी, एकाने दिवा. पातं असलेल्या, नसलेल्या, नाण्याएवढ्या, किल्लीसारख्याच दिसणाऱ्या... ज्या माणसाला घरात खिळा ठोकता येत नाही त्याच्या खिशात आता आख्खं वर्कशॉप. मी विचारते ना लोकांना, अजूनही विचारते, 'काय केलंत हो याने?' 'अजून काही नाही, पण असलेलं बरं!' काय गंमत आहे बघा, लोक अवजार विकत घेत नाहीत, आपण अडणार नाही हा भरवसा विकत घेतात. आणि तो भरवसा ठेवायचा कुठे? तर किल्ल्यांना अडकवायचा!

आता खरी गंमत ऐका. गेल्या शनिवारी कारखान्याची सहल होती, क्लॅकमस नदीकाठी. एल्डनने फर्मान काढलं, 'आज प्रत्येकाने आपल्या कारखान्याची पक्कडच किल्ल्यांना लावून यायचं. जुने चाकू घरी!' अभिमान हो! बटाट्याचं सॅलड झालं, अ‍ॅपल-पाय झाला, आणि एल्डन उभा राहिला. 'मार्लिस, तू त्या दिवशी रोंडासमोर बोलली नसतीस तर आज आपण इथे नसतो.' टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी. आणि त्याने माझ्या हातात दुकानात लटकवतात तसं पाकीट दिलं, आत आमची पक्कड, चकचकीत. बाहेरून ते कडक, पारदर्शक प्लास्टिक, चारी बाजूंनी वितळवून चिकटवलेलं.

'उघड, उघड!' सगळे ओरडले.

उघडू कशाने? ओढलं, निघेना. वेंडेलला म्हटलं, 'उघडून दे.' त्याने ऐटीत किल्ल्या काढल्या, पकडीने कोपरा धरला, ओढला. प्लास्टिक वाकलं आणि परत जागच्या जागी. दुसरा आला, स्क्रूड्रायव्हर खुपसला, स्क्रूड्रायव्हर घसरला. तिसरा कानस लावून बसला, म्हणतो, 'संध्याकाळपर्यंत होईल.' एल्डन दात लावायला निघाला तर त्याच्या बायकोने बाही धरली, 'नवे आहेत ते!' तुम्हाला सांगते, अख्ख्या ओरेगनातले उत्तमातले उत्तम चाकू करणारे लोक, बापजाद्यांपासूनचे, त्या झाडाखाली गोल करून उभे, आणि एकाच्याही खिशात पातं नाही! कात्री तर नाहीच, कारण पुरुष माणूस कात्री विकत घेत नाही! मी एल्डनकडे नुसतं बघितलं.  तो बुटांकडे बघायला लागला.

मग मीच आमच्या घराची किल्ली घेतली, दोघांत मिळून एकच होती ती. तिचे दात असतात ना, खाचाखाचांचे, ते कडेवरून घासले, करकर करकर... फाटलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळे हसले, टाळ्या, शिट्ट्या, एल्डनने तर टोपी उडवली. एक वेंडेल तेवढा हसला नाही. तो माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, 'मार्लिस, ती किल्ली जरा दे बघू.'

दिली मी! मूर्खासारखी दिली! आज सकाळी परत आणून दिली, आणि तुम्हाला सांगते, काय धार आणलीय हो... त्या दातांच्या जागी एक सरळ, निळसर, सुंदर पातं! दोन वर्षांनी त्याचा चेहरा असा खुललेला बघितला. 'मार्लिस, ही कोण बादलीत टाकणार? किल्लीच आहे ना!' आता हिला छोटं म्यान करणार म्हणे. कशाला? तर किल्ल्यांना अडकवायला! त्या चेहऱ्याकडे बघून ओरडायलाही जीव झाला नाही. तो तिथे, समोर आमच्या पायरीवर बसलाय ना, तोच तो, करंगळीएवढ्या पकडीने कुलूप खोलतोय. आणि मी ही तुमच्याकडे. नाही, नाही, राग नाही माझा, किल्ली खरंच अप्रतिम झालीय. टोमॅटो कापते, टेप कापते, दोरी कापते... आमचं दार तेवढं उघडत नाही.